बंबाला कॉक कुठे लावावा आणि कुठे लावू नये



एरवी मी आपल्याशी धानावरचा तुडतुडा, गादमाशी, करपा, नाहीतर हरभऱ्यावरची घाटेअळी यांविषयी बोलतो. आजचा विषय शेतातला नाही, न्हाणीतला आहे. पाणी तापवायच्या बंबाविषयी, आणि त्याला लावायच्या नळ-कॉकांविषयी मी बोलणार आहे. कृषी अधिकाऱ्याला हे कशाला पाहिजे, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

मागच्या हिवाळ्यात धानाच्या चुकाऱ्याच्या कामासाठी एका गावी गेलो होतो. गाव जंगलाला लागूनच. ज्या घरी गेलो तिथल्या मालकाने मोठ्या हौसेने नवी सोय दाखवली. छतावर टाकी, टाकीतून थेट बंबात पाइप, आणि बंबाच्या वरच्या तोटीला, जिथून गरम पाणी सांडते तिथे, एक छानसा पितळी कॉक. म्हणाले, "साहेब, आता कॉक फिरवला की गरम पानी. थेंब वाया जात नाही." मी पाहिले, चहा घेतला आणि परत आलो. मला त्यात वावगे काही दिसले नाही, हे कबूल करतो. आठ दिवसांनी कळले की बंबाच्या झाकणाचा सांधा फाटला आणि घरच्या सुनेचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. बाई वाचल्या, पण धान मळणीचा सगळा हंगाम त्यांनी खाटेवर काढला. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे आधी न्हाणी पाहतो. बी.एस्सी.ला आम्हाला पंप शिकवले, इंजिन शिकवले, बंब कुणी शिकवला नाही. नंतर जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत बंबाला आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्याची बातमी आपल्या दोन जिल्ह्यांत वरचेवर येते, आणि अनेकदा तो माणूस सरपणाला, मोहफुलाला नाहीतर तेंदूपत्त्याला गेलेला असतो. राज्य शासनाने २०१५ साली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली, व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत गॅस दिला. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. गॅस घरोघर पोहोचला, पण सिलिंडर महाग, म्हणून तो स्वयंपाकाला राखून ठेवतात आणि आंघोळीचे पाणी मात्र अंगणातल्या तीन दगडांवर तापते. उघड्या चुलीवर जळालेल्या लाकडाची बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते, दहा वाट्यांतला एखाद-दीड वाटा भांड्यात उतरतो. बंबात विस्तव मधोमध आणि पाणी चारी बाजूंनी, त्यामुळे तेवढेच पाणी निम्म्याहून कमी सरपणात तापते. शिवाय बंबाला मोठी लाकडे लागत नाहीत. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बांबूचे तुकडे, काहीही चालते. म्हणजे जंगलाच्या खेपा कमी. वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट या संस्थेने चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांत बंब दिले ते याच हेतूने. तेव्हा बंब वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. बंब घ्याच. फक्त त्याची जोडणी नीट करा.

आता आपल्या आजीच्या वेळचा तांब्या-पितळेचा बंब आठवून पाहा. मधोमध उभे नळकांडे, त्यात विस्तव, खाली जाळी आणि राखेचा कप्पा. नळकांड्याभोवती पाणी. काही बंबांना खाली तोटी असते आणि वरून झाकण नुसते ठेवलेले असते. काहींना वर नरसाळे असते. नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते आतल्या नळीने थेट तळाशी जाते, आणि वर तरंगत असलेले गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. एक तांब्या थंड ओता, एक तांब्या गरम घ्या. गरम पाणी थंड पाण्यापेक्षा हलके असते म्हणून हे जमते. हा बंब पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि फुटला नाही. का? पत्रा जाड होता म्हणून नव्हे. त्याचे तोंड कायम उघडे होते म्हणून. पाणी उकळले तर वाफ वरून निघून जायची, न्हाणीत धुके व्हायचे, एवढेच.

फरक पडला तो पाणी नळाने घरी आल्यावर. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, नळजोडण्या झाल्या, छतावर काळ्या टाक्या चढल्या. मग नरसाळ्याच्या जागी पाइप आला, तोटीच्या जागी कॉक आला, झाकण डाखून घट्ट झाले. चारी बाजूंनी बंद केलेला बंब म्हणजे बंब राहिला नाही, तो बॉयलर झाला. बॉयलरचे कायदे वेगळे असतात. सरकारचे तर असतातच, पण पाण्याचे आणि विस्तवाचेही असतात, आणि ते कुणाला सवलत देत नाहीत.

पाण्याचा पहिला कायदा असा की तापले की ते फुगते. हिवाळ्यातल्या पहाटेचे २० अंशांचे ६० लिटर पाणी ९० अंशांपर्यंत तापवले तर ते ६२ लिटर होते. ही दोन लिटरची वाढ कुठेतरी गेलीच पाहिजे. पाणी दाबून लहान होत नाही. वाट मिळाली नाही तर पत्र्याला रेटते. दुसरा कायदा वाफेचा. एक लिटर पाण्याची सुमारे सोळाशे लिटर वाफ होते. आणि तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. कोंडलेले पाणी १०० अंशांना उकळत नाही. कुकरसारखा एक किलोचा दाब असेल तर ते १२० अंशांपर्यंत जाते. अशा वेळी सांधा जरा जरी फाटला तरी ते जास्तीचे तापलेले पाणी एका क्षणात वाफ होऊन बाहेर झेपावते. साधी गळती आणि हा स्फोट यांत फरक आहे तो इथे.

आणि हा दाब म्हणजे किती, ते आपल्या मापात सांगतो. दाबाचे माप किलो प्रति चौरस सेंटिमीटर असे असते, बोलताना आपण नुसते 'किलो' म्हणतो. एक फूट व्यासाचे झाकण घ्या. त्याचे क्षेत्र साधारण ७०० चौरस सेंटिमीटर. एक किलो दाब म्हणजे त्या झाकणावर आतून ७०० किलोचा रेटा, सात क्विंटल. धानाची नऊ पोती झाकणावर रचली तर जेवढे वजन होईल तेवढे, पण खालून वर. बंबाचा डाख हे सोसण्यासाठी केलेला नसतो.

म्हणून सगळ्यांत मोठी गोष्ट आधी सांगून टाकतो. बाकी विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. कॉक थंड पाण्याच्या बाजूला लावायचा. गरम पाण्याची तोटी उघडी ठेवायची. तिच्यावर कॉक नाही, बूच नाही, लाकडाची खुंटी नाही, चिंधी नाही.

जोडणी अशी करा. बंबाजवळच, भिंतीला किंवा विटांच्या ओट्यावर, एक छोटी टाकी ठेवा. चाळीस-पन्नास लिटरचा प्लॅस्टिकचा डबा पुरतो. तिला झाकण नुसते ठेवायचे, कारण मुलांचे हात आणि पाली दोन्ही त्यात जातात. छतावरच्या टाकीतून या छोट्या टाकीत पाणी घ्या आणि तिथे बॉलकॉक बसवा, म्हणजे पाणी एका रेषेच्या वर जाणार नाही. बॉलकॉक कधीतरी अडकतोच, म्हणून त्या रेषेच्या वर एक सांडवा-नळी काढून ती मोरीत सोडा. ही पाण्याची रेषा बंबाच्या गरम तोटीपेक्षा साधारण एक फूट उंच असावी, जास्त नको. छोट्या टाकीच्या तळातून पाइप काढून बंबाच्या थंड पाण्याच्या तोंडाला जोडा आणि या पाइपावर, हाताला येईल असा, कॉक बसवा. पाव फेरा फिरवला की उघडणारा बॉल व्हॉल्व्ह चांगला. झाले. कॉक उघडला की थंड पाणी तळाशी जाईल आणि वरच्या तोटीतून गरम पाणी बादलीत पडेल. कॉक बंद केला की थांबेल. ज्यांच्या घरी छतावर टाकी नाही त्यांनी छोटी टाकी हंड्याने भरावी. काम तेच होते.

या जोडणीत विस्तव पेटल्यावर गरम तोटीतून थेंब थेंब पाणी टपकते. मी सांगितले ते दोन लिटर हेच. लोक मला येऊन विचारतात, "साहेब, कॉक बंद आहे, तरी गळते काऊन? वॉशर गेला काय?" वॉशर गेलेला नाही. पाणी फुगून बाहेर येत आहे आणि त्याने बाहेर आलेच पाहिजे. खाली तांब्या ठेवा, तेच पाणी तोंड धुवायला घ्या. ते गळणे थांबवायला म्हणून तोटीला कॉक लावतात, आणि मी वर सांगितलेल्या घरीही नेमके तेच झाले होते.

याच जोडणीत आणखी एक सोय आपोआप मिळते. बंबात पाणी भरलेले आहे की नाही हे पाहायला वेगळे काही लागत नाही. काडी ओढायच्या आधी थंड पाण्याचा कॉक उघडा. तोटीतून पाणी पडले म्हणजे बंब गळ्यापर्यंत भरला. पडले नाही तर विस्तव पेटवू नका, मग सासूबाई कितीही घाई करोत.

ज्यांचा बंब जुन्या धाटणीचा, खाली तोटी आणि वर सैल झाकण असा आहे, त्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यांच्या बंबाला दाबाचे भय नाही. भय आहे ते कोरडा जळण्याचे. खालच्या तोटीतून पाणी काढत गेले आणि वरून भरायचे राहिले की नळकांडे उघडे पडते. डाखाची कथली झाळ दोनशे अंशांच्या आसपास वितळते आणि विस्तव त्याच्या कितीतरी वर असतो. बंब गळायला लागतो. पण त्याहून वाईट पुढे होते. कुणाच्या तरी लक्षात येते, अरे पाणी संपले, आणि तो वरून घागर ओततो. तापलेल्या पत्र्यावर पडलेल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ होऊन ती थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येते. कोरडा बंब तापलेला सापडला तर पाणी घालू नका. विस्तव खालून ओढून काढा, लांब उभे राहा, बंब हात लावण्याइतका निवू द्या, मग भरा.

यावर स्वस्तातला उपाय आहे. तांबटाकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून बंबाच्या अंगाला, साधारण निम्म्या उंचीवर, एक बारीक तोटी बसवून घ्या. ती पाणी घ्यायची तोटी नव्हे. ती नुसती पाहायची. क्षणभर उघडायची, पाणी आले तर ठीक, नुसती वाफ आली तर वरून भरायची वेळ झाली. उघडताना हात बाजूला ठेवा. राइस मिलमध्ये धान उकडायला वाफ करतात त्या बॉयलरवर आपण काचेची उभी नळी पाहिली असेल. तिच्यातली पाण्याची रेषा पाहूनच फायरमन काम करतो. घरच्या बंबाला काचेची नळी लावता येते, पण मुलाबाळांच्या घरात काच फुटते, आणि काचेऐवजी प्लॅस्टिकची पारदर्शक नळी लावली तर ती गरम पाण्याने मऊ पडून निसटते. त्यापेक्षा बारीक तोटी बरी.

आता छतावरच्या टाकीला थेट जोडलेल्या बंबाकडे वळतो. शहरात तयार मिळणारे स्टेनलेस स्टीलचे बंद बंब असतात, ते अशा जोडणीसाठी बनवलेले असतात, आणि त्यांना न्हाणीत भिंतीवर गरम पाण्याचा नळ देता येतो. पण जुना तांब्या-पितळेचा बंब कधीही छतावरच्या टाकीला थेट जोडू नका. कारण विस्तव पेटवण्याच्या आधीच त्यावर दाब आलेला असतो. दहा मीटर उंच पाण्याचा दाब एक किलो. टाकी दहा फूट वर असेल तर दाब ०.३ किलो, म्हणजे त्या फूटभर झाकणावर दोन क्विंटल. नुसत्या थंड पाण्याचे.

तयार बंद बंब घेतलात तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. हा किती दाबाला तपासलेला आहे, आणि हे त्यावरच्या पट्टीवर कुठे लिहिले आहे. उत्तर देता आले नाही तर दुसरे दुकान पाहा. मग जोडणी अशी हवी. बंबाच्या डोक्यावरून जो गरम पाण्याचा पाइप निघतो त्याला न्हाणीकडे जाण्याआधीच एक फाटा फोडायचा आणि तो फाटा सरळ वर, छतावरच्या टाकीच्याही वर न्यायचा. वर नेऊन काठीच्या मुठीसारखा वाकवायचा, तोंड खाली टाकीकडे, आणि उघडे. या फाट्यावर कुठेही कॉक नको. न्हाणीतला नळ बंद असला तरी फुगलेल्या पाण्याला आणि वाफेला ही वाट राहते.

हा फाटा टाकीच्या वर किती न्यायचा? गरम पाणी हलके म्हणून ते पाइपात थंड पाण्याच्या रेषेपेक्षा जरा वर चढून उभे राहते. दहा फुटांना साधारण चार इंच. म्हणून टाकी काठोकाठ भरल्यावरची रेषा धरून त्याच्या एक फूट वर न्या, म्हणजे रोजचे पाणी ओघळणार नाही. पाइप पाऊण इंचीपेक्षा बारीक नको, एक इंची असेल तर उत्तम. आणि तो चढताच असला पाहिजे. मध्येच झोळ पडला तर तिथे हवा किंवा गाळ अडकतो आणि उघडी वाट नावालाच उघडी राहते.

आता त्या व्हॉल्व्हविषयी, ज्याला आपण विहिरीवर फुटबॉल म्हणतो. फूट व्हॉल्व्ह पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, परत येऊ देत नाही. तसाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाइपावर बसवता येतो, आणि नळकाम करणारे मिस्त्री तो बंबाच्या थंड बाजूला मोठ्या खात्रीने बसवतात. म्हणजे गरम पाणी टाकीत मागे जात नाही, हे खरे. पण उघडी वाट नसेल तर फुगलेल्या पाण्याला मागे जाण्याचा जो एकच रस्ता होता तोही त्याने बुजवला. उघडा फाटा असेल तर हा व्हॉल्व्ह चालेल. फाटा नसेल तर तो बसवणे म्हणजे कुकरची शिट्टी डाखून टाकणे.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल दुकानात फार गैरसमज आहेत. हार्डवेअरच्या दुकानात मागितलात तर बहुधा गिझरचा पितळी व्हॉल्व्ह हातात देतात. गिझर जाड टाकीचा असतो, त्याचा व्हॉल्व्ह ६ ते ८ किलोच्या आसपास उघडतो. आपला बंब त्याच्या कितीतरी आधी फाटलेला असेल. असा व्हॉल्व्ह लावला की मनाला समाधान मिळते आणि काम शून्य होते, म्हणजे नसण्यापेक्षा वाईट. सेफ्टी व्हॉल्व्ह बंबाच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबापेक्षा खाली उघडणारा हवा, बंबाच्या डोक्यावर हवा, मध्ये कॉक नको, आणि त्याची सोडनळी खाली मोरीत वळवलेली हवी. त्याला उचलायची कडी असते. महिन्यातून एकदा ती उचलून पाहा. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो तोच थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो आणि तो चिकटून जातो. गळतो म्हणून स्क्रू आवळू नका. गळत असेल तर बदला. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आहे म्हणून उघडा फाटा काढून टाकू नका. फाट्यात फिरणारा भागच नसल्यामुळे तो बिघडत नाही.

काटे, म्हणजे गेज, कोणते लावावेत? छोट्या टाकीच्या जोडणीला दाबाचा काटा लागत नाही. जिथे दाबच व्हायला नको तिथे काटा लावून पाहणार काय? छतावरच्या टाकीला जोडलेल्या बंबाला मात्र लावा. पण दुकानात १० किलोपर्यंतची तबकडी मिळते, ती घेऊ नका, तिच्यावर ०.३ किलो दिसतसुद्धा नाही. एक किंवा फार तर अडीच किलोपर्यंतची घ्या. थंड असताना काटा जिथे उभा राहतो तिथे रंगाने रेघ ओढा. विस्तव पेटल्यावरही काटा त्याच रेघेवर राहिला पाहिजे. रेघ सोडून वर सरकू लागला तर वरची वाट बुजली आहे. विस्तव ओढा, न्हाणीतला गरम नळ लांबून उघडा, आणि फाटा साफ होईपर्यंत बंब पेटवू नका.

माझ्या मते दाबाच्या काट्यापेक्षा तापमानाचा काटा जास्त उपयोगाचा, विशेषतः म्हातारी माणसे आणि लहान मुले असलेल्या घरात. १२० अंशांपर्यंतची तबकडी गरम तोटीजवळ बसवा. आंघोळीला ४० अंशांच्या आसपास पाणी पुरते. ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजते. काटा ७० च्या वर गेला की आणखी लाकूड घालायचे नाही, जाळीखालचे दार लावून हवा कमी करायची. आणि बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. उलट केले आणि मूल बादलीत हात घालायला धावले, असे फार घरांत झाले आहे.

पाइपाबद्दल थोडक्यात. शेतात वापरतो तो साधा पीव्हीसी गरम बाजूला चालत नाही, ६० अंशांच्या पुढे मऊ पडून वाकतो. बंबातून निघणारे पहिले तीन-चार फूट आणि उघडा फाटा लोखंडी जीआयचा करा, पुढे न्हाणीपर्यंत गरम पाण्याचा सीपीव्हीसी चालतो. तांब्याच्या बंबाला जीआय पाइप थेट जोडला तर सांध्याशी लोखंड लवकर खाल्ले जाते, म्हणून मध्ये पितळेचा जोड घ्यावा.

दार-खिडकी लावलेल्या न्हाणीत पेटता बंब ठेवू नका. थंडी वाजते म्हणून बरेच जण ठेवतात. धूर दिसतो तेव्हा माणूस बाहेर पळतो, पण निखारे झाले की धूर दिसत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू मात्र निघत राहतो. डोके जड होते, मग भान जाते. बंब बाहेर पडवीत, पाइप आत.

कुणी भाजलेच तर भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडा. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको. बांगड्या, जोडवी, कडे सूज यायच्या आत काढा, स्वच्छ ओल्या कापडाने झाका आणि १०८ ला फोन करा. वर सांगितलेल्या सुनेच्या पायांना घरच्यांनी कणकेचा लेप दिला होता. दवाखान्यात तो सोडवताना तिला जो त्रास झाला तो मूळ भाजण्यापेक्षा जास्त, असे तिनेच मला सांगितले.

कायद्याचेही विचारतात. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. १०० अंशांखाली पाणी तापवणारे भांडे त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे राइस मिलचा बॉयलर तपासायला निरीक्षक येतो, आपला बंब तपासायला कुणी येणार नाही. ती तपासणी घरातच करावी लागते, आणि ती बंब रोज पेटवणाऱ्या माणसाने करायला हवी. आपल्याकडे ते बहुधा घरच्या बाईच. पण कॉक बसवताना मिस्त्रीशी पुरुष बोलतात. निदान या एका बाबतीत दोघांनी मिळून उभे राहावे. मिस्त्रीला मराठी वाचता येत असेल तर हे पत्रकच त्याच्या हातात द्या.

शेवटी हंगामाचे. होळी झाली की बंब अडगळीत जातो आणि दिवाळीनंतर निघतो. मधल्या सात-आठ महिन्यांत कुंभारमाशी मोकळ्या नळीत मातीचे घर बांधते. ती माती वाळून विटेसारखी होते. उघडा फाटा, सोडनळी, गरम तोटी, तिन्ही ठिकाणी मी हे पाहिले आहे. उन्हाळ्यात नळीच्या तोंडाला फडके बांधून ठेवाल तर ते सोडायचे विसराल, म्हणून बांधू नका. दिवाळीनंतर पहिला विस्तव पेटवण्याआधी फाट्याच्या वरच्या तोंडातून तांब्याभर पाणी ओता. ते खाली सरळ उतरले, कुठे तुंबले नाही, की मग काडी ओढा.